पुतळ्याला हसवायचं

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.

व्यायामवाल्या बाईंचा हुकूम: रोज एक पान लिहा, मोठ्या अक्षरात. म्हणजे हाताला वळण राहतं. एक्केचाळीस वर्षं मी गावभरच्या केसांना वळण लावलं, आता मला वळण! असो. वही नवी आहे, पेन जाड आहे. अक्षर झकास येतंय.

संकल्प. एक, रोज एक पान, खाडा नाही. दोन, १ एप्रिलला पुन्हा सलूनमध्ये, पहिल्या खुर्चीमागे उभं राहायचं. तीन, बाईंच्या त्या ग्रुपला अजिबात जायचं नाही. तो पार्किन्सन्सवाल्यांचा ग्रुप आहे. डॉक्टरांनी माझ्या कागदावरही तेच लिहिलंय, पण डॉक्टर लोकांना काहीतरी लिहावंच लागतं. माझं साधं आहे. उजव्या हातात एक्केचाळीस वर्षं कैची चालली. आता कैची काढून घेतली तरी हात आपला चालवतोच आहे. सवय. दुसरं काही नाही.

२ फेब्रुवारी.

गिऱ्हाइकाच्या कापलेल्या कानाबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला. गिऱ्हाईक हललं. मी नाही. टाका एकच पडला. तेवढ्यावरून चिरंजीव म्हणाले, बाबा, थोडे दिवस आराम करा. मी म्हटलं, मी सुट्टी घेतो. मला कोणी घरी बसवलेलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी.

शुद्ध फसवणूक. ही म्हणाली, वाचनालयात पुस्तक परत करायचंय, सोबत चला. दारात पोचल्यावर लक्षात आलं की हिच्या हातात पुस्तकच नाही. आणि आमच्या घरात पुस्तक आलं कुठून?

वाचनालयाच्या तळमजल्यावर हॉल. गोलात खुर्च्या. जमिनीवर पिवळ्या टेपच्या पट्ट्या, त्या ओलांडत पावलं टाकायची. दहा-बारा पेशंट, शेजारी त्यांच्या बायका नाहीतर नवरे. प्रत्येकाने आपलं नाव आणि आजाराला किती वर्षं झाली ते सांगायचं. माझ्या पाळीला मी सांगितलं की मी पेशंट नाही, सोबत आलोय. ही माझ्याकडे बघतच राहिली.

आलोच आहे तर बिचाऱ्यांना जरा हसवावं म्हणून दुकानातला हुकमी विनोद काढला. टकलू गिऱ्हाईक विचारतं, एवढ्याशा केसांचे पूर्ण पैसे? मी म्हणतो, साहेब, कापायचे कुठे, शोधायचे पैसे आहेत. हॉल खदखदा हसला. बायका तर डोळे पुसायला लागल्या.

एक जण हसला नाही. बरोबर माझ्या समोरचा. वजनमापं खात्यातून रिटायर झालेले साहेब, असं कळलं. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. आज मला तपासत होते. ओठ हलले नाहीत, पापणीसुद्धा हलली नाही. मी त्यांच्याकडे बघून चांगला तोंडभर हसलो. काही नाही! त्यांचं नाव मी पुतळा ठेवलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

गेलो. हिच्या समाधानासाठी.

हॉलच्या दारात पुतळा उभा. पाय जमिनीला खिळलेले. बायको दंडाला धरून चला ना, चला ना म्हणतेय, हा जागचा हलत नाही. मागे आम्ही सहा जण खोळंबलेले, त्यात मला बाथरूमची घाई. शेवटी दुकानातल्यासारख्या टाळ्या वाजवल्या आणि ओरडलो, चला, पुढचं गिऱ्हाईक! चला, पुढचं गिऱ्हाईक! आणि पठ्ठ्या चालायला लागला. टाळीला एक पाऊल, थेट खुर्चीपर्यंत.

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, वा, असा ठेका मिळाला की अडकलेले पाय सुटतात, तुम्ही छान मदत केलीत. मदत कसली? दरारा असावा लागतो माणसात.

११ फेब्रुवारी.

नवा संकल्प. पुतळ्याला १ मार्चपर्यंत हसवायचं. सलूनमध्ये मी दातदुखीवाल्याला हसवलंय. हा कोण लागून गेला?

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

मधले दिवस पेन चांगलं नव्हतं.

पुतळा आजही दारात. त्याच्या बायकोने सांगितलं की दहा मिनिटं झाली, आत या म्हटलं तर थांब म्हणतात. म्हणजे मुद्दाम! मी येईपर्यंत वाट अडवायची आणि सगळ्यांसमोर माझ्याकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या. साहेबी गेली नाही अजून. वाजवल्या. करतो काय? मागे रांग लागली होती.

३ मार्च, मंगळवार.

आज भात्यातला शेवटचा बाण काढला. नवरदेवाची एकच मिशी काढून झाली आणि वीज गेली, तो किस्सा. खरा घडलेला. अभिनयासकट सांगितला. विणकाम घेऊन येणाऱ्या बाईंची सुई खाली पडली, त्यांच्या नवऱ्याला हसून हसून ठसका लागला. पुतळा? कोरा. सुतकातही माणूस याहून बरा दिसतो.

घरी येऊन हिला म्हटलं, त्या माणसाचं माझ्याशी काय वाकडं आहे? ही म्हणाली, तुम्हाला त्याचं एवढं काय पडलंय? मला काहीच पडलेलं नाही. मुदत १ एप्रिलपर्यंत वाढवली.

१० मार्च, मंगळवार.

आज चेहऱ्याचा तास. बाईंनी समजावून सांगितलं की या आजारात चेहऱ्याचे स्नायू आळसावतात. माणूस आतून हसत असतो, बाहेर काही दिसत नाही. घरच्यांना वाटतं रागावलाय. आणि गंमत म्हणजे ज्याचं त्याला कळत नाही. बिचारे! मी सगळ्यांकडे बघून भरपूर हसलो, तेवढाच त्यांना धीर.

मग बाईंनी हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाल्या, हसून बघा. मला आरसा? जन्म गेला माझा आरशासमोर. परत केला.

पुतळ्याचं मात्र आजारपण नव्हे. ती घमेंड आहे. मी माणसं ओळखतो.

११ मार्च.

दुकानातल्या बाकावरची चौकडी अजून आली नाही भेटायला. वीस वर्षं रोज संध्याकाळी माझ्या बाकावर बसून माझाच पेपर वाचायचे. फोनही नाही. कामात असतील. चौघेही रिटायर आहेत, पण रिटायर माणसाला कामं फार असतात.

१७ मार्च, मंगळवार.

आज पुतळ्याच्या बायकोने हिला सांगितलं की हे सोमवारपासूनच विचारायला लागतात, उद्या मंगळवार ना, तो येईल ना. पाहा! पाळत आहे माझ्यावर.

मी आज निळा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अर्धा तास आधी पोचलो. योगायोग. मंगळवारी रस्ता मोकळा असतो.

२४ मार्च, मंगळवार.

बाईंनी वही बघायला मागितली. पहिलं पान वाचलं, शेवटचं पान डोळ्याजवळ नेलं, मग खिडकीशी नेलं. म्हणाल्या, अक्षर मुंगीएवढं झालंय, मोठं काढा. मुंगी म्हणे! यांनाच चष्मा लागला असणार. कागद वाचवतोय मी.

१ एप्रिल, बुधवार. दुपारी.

ठरल्याप्रमाणे दुकानात गेलो. नऊला शटर वर, नऊ वाजून दहा मिनिटांनी मी हजर. चिरंजीव गडबडले. पहिल्या खुर्चीमागे एक नवीन कारागीर. तो सरळ बाजूला झाला, पोरगं सभ्य आहे. खुर्चीत आमचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी कैची उचलली. त्याने आरशात माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, अरे, मला एक काम आठवलं. उठला तो गळ्यातल्या कापडासकट, तसाच रस्त्यावर गेला. चिरंजीवांना कापडासाठी मागे पळावं लागलं.

बाकावर चौकडी होती. चौघे पेपरात डोकं घालून. पेपर एकच होता.

चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्ही नुसते बसत जा ना, देखरेख करा. आवाज फार मऊ होता त्याचा. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

सुट्टी १ मेपर्यंत वाढवली आहे. एप्रिलमध्ये धंदा असाही मंदा असतो.

७ एप्रिल, मंगळवार.

संताप! लिहिताना हात थरथरतोय तो संतापाने.

ग्रुप संपल्यावर पुतळा माझ्यासमोर येऊन थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. आवाज कुजबुजल्यासारखा, पण मी स्पष्ट ऐकला. म्हणाला, माझी दाढी कराल का, वस्तऱ्याने? चेहरा तोच. दगड.

म्हणजे दुकानातली बातमी याच्यापर्यंत पोचली. हिनेच सांगितलं असणार त्याच्या बायकोला. आणि हा चार लोकांत माझ्या हातावर बोट ठेवतो! मीही कच्चा नाही. म्हणालो, साहेब, माझा वस्तरा तुम्हाला झेपायचा नाही, तुम्ही आपला तराजू सांभाळा. विणकामवाल्या बाई खाली बघायला लागल्या.

पुतळ्याला काही नाही. मान हलवली आणि बायकोचा हात धरून निघाला. गालावर दोन-तीन ठिकाणी कापल्याच्या खुणा, हनुवटीखाली खुंट राहिलेले. स्वतःला धड दाढी येत नाही आणि दुसऱ्याची चेष्टा करतो.

घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली की त्यांनी मनापासून विचारलं असेल. मी म्हटलं, त्याला मन आहे का?

१४ एप्रिल, मंगळवार.

बहिष्कार. गेलो नाही. फार मोकळं वाटतंय. चार ते पाच गॅलरीत बसलो. पाच ते सहाही गॅलरीतच. बघू दे आता कोण टाळ्या वाजवतं ते.

१५ एप्रिल.

पुतळा पडला. काल, हॉलच्या दारात. खुब्याचं हाड मोडलं. बाईंचा हिला फोन आला होता.

वीस मिनिटं उभा होता म्हणे. बाईंनी टाळ्या वाजवायला हात उचलले तर मानेने नको म्हणाला. बायकोने ओढलं तर म्हणाला, थांब, येईल तो. मग सगळे आत बसले, तास सुरू झाला, आणि याने एकट्यानेच पाऊल टाकायला बघितलं.

दारात उभं राहायची खोडच होती त्याला. कधीतरी पडणारच होता. मी नव्हतो म्हणून पडला असं कोणीही म्हटलेलं नाही. बाई नाही, ही नाही. मीसुद्धा म्हणत नाही.

१६ एप्रिल.

जेवलो नाही. पोट बिघडलंय.

२१ एप्रिल, मंगळवार.

गेलो. समोरची खुर्ची रिकामी. कोणीतरी सांगा ना काहीतरी म्हणालं, म्हणून शोधायच्या पैशांचा विनोद पुन्हा सांगितला. हसले सगळे. मी त्या खुर्चीकडे बघत होतो. मजा नाही आली. लगेच हसणाऱ्यांना हसवण्यात काय पुरुषार्थ?

दार ओलांडायला आज कोणालाच वेळ लागला नाही.

२५ एप्रिल, शनिवार.

हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. ठरवून गेलो. पिशवीत वस्तरा, ब्रश, साबण, स्वच्छ टॉवेल. ठरवलं होतं, जायचं आणि म्हणायचं, चला साहेब, पुढचं गिऱ्हाईक. बाकी काही बोलायचं नाही. दाढी झाली की समजेल त्याला.

वॉर्डच्या दारापर्यंत गेलो. पुतळा दारापासून दुसऱ्या कॉटवर, दहा पावलांवर. दाढी वाढलेली. मला बघितलं त्याने. आणि माझे पाय हलेनात. असं मला आजवर कधी झालं नव्हतं. पाय माझेच, पण माझं ऐकेनात. ही औषधाच्या दुकानात रांगेत होती. मागून एक नर्स ट्रॉली घेऊन आली, बाजूला व्हा काका म्हणाली, तेही जमेना. मनातल्या मनात टाळ्या वाजवून बघितल्या. आपल्या आपण नाही वाजत त्या.

पुतळा बघत होता. मी हसलो त्याच्याकडे बघून. खूप हसलो, जेवढं येतं तेवढं सगळं. तोही तसाच बघत राहिला, नेहमीसारखा.

मग ही आली, मला धरून वळवलं. भेटायची वेळ संपली होती, असं मी हिला सांगितलं. घड्याळात चार वाजले होते आणि भिंतीवर सहापर्यंत लिहिलं होतं.

२ मे, शनिवार.

आज जाणार होतो. गोळीची वेळ आणि भेटीची वेळ जुळत नाही. पुढच्या शनिवारी नक्की. पिशवी दारामागे तयार आहे. दुकानाची सुट्टी १ जूनपर्यंत. आधी साहेबांची दाढी, मग दुकान.

५ मे, मंगळवार.

बाईंनी सांगितलं, सगळे गोलात बसल्यावर. काल सकाळी. पडून राहून छातीत न्यूमोनिया झाला होता. बाई म्हणाल्या, दोन मिनिटं शांत बसू या.

हात मांडीखाली दाबून बसलो. तरी खुर्ची वाजत होती.

७ मे.

काही नाही.

१० मे, रविवार. संध्याकाळी.

वहिनींना भेटायला गेलो. पुतळ्याच्या बायकोला. ही सोबत होती. दोन खोल्यांचं घर, भिंतीला धरून चालायला दांडा लावलेला, बाथरूमपर्यंत. जमिनीवर हॉलसारख्याच पिवळ्या पट्ट्या. वहिनी म्हणाल्या, बसा. मग म्हणाल्या, तुम्ही आलात, बरं वाटलं, यायला पाहिजेच असं नव्हतं.

मला कळलं नाही. मी म्हटलं, असं का म्हणता? त्या म्हणाल्या, तुम्हाला ते फारसे आवडायचे नाहीत, त्यांनाही ठाऊक होतं. रोज म्हणायचे, तो माणूस माझ्याकडे कसा रागाने बघतो गं, मी काय केलंय त्याचं? कधी हसत नाही माझ्याकडे बघून. पण जोक काय सांगतो! असं दगडासारखं तोंड ठेवून सांगतो, म्हणून तर जास्त हसू येतं.

मी म्हटलं, साहेब हसायचे?

वहिनी म्हणाल्या, अहो, मंगळवारचा जोक बुधवारपर्यंत पुरायचा. रात्री जेवताना मला पुन्हा सांगायचे, त्या बारीक आवाजात एकेक शब्द काढत, अर्धा तास लागायचा. आणि पोट गदागदा हलायचं. तोंडावर नाही दिसायचं काही, पण पोटाकडे बघितलं की कळायचं.

मी धंद्याने मानेच्या वर बघणारा माणूस. पोटाकडे मी कधी बघितलंच नाही.

दाढीचं मी विचारणार नव्हतो. त्यांनीच काढलं. म्हणाल्या, माझ्याकडून त्यांची दाढी करताना कापायचं, पण म्हणून नव्हतं हो विचारलं त्यांनी. त्यांना कळलं होतं की तुम्हाला पुन्हा वस्तरा धरायचाय आणि कोणी बसायला तयार नाही. म्हणाले, त्याला कोणी गाल देत नाही तर मी देतो. कापलं तर कापलं, आधीच एवढं कापलंय. चार दिवस म्हणत होते, विचारू का, त्याला राग तर येणार नाही ना?

मला बोलायचं होतं. वहिनी, मी रागावलो नव्हतो. मी त्यांच्यासाठीच यायचो. मंगळवारची वाट बघायचो, निळा शर्ट त्यांच्यासाठी होता, त्यांना एकदा हसवावं एवढंच मला हवं होतं, जगात दुसरं काही नको होतं. त्या दिवशी मी गॅलरीत बसलो होतो. मी आलो असतो तर ते पडले नसते. हे सगळं घशापर्यंत आलं. आवाज फुटला तो इतका बारीक की माझा मलाच ऐकू आला नाही. आणि चेहरा? आता कळतंय की चेहऱ्यावर काहीच नसणार.

वहिनींनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, राहू दे, मनाविरुद्ध काही बोलायची गरज नाही, आलात तेच खूप झालं. आणि चहा ठेवायला उठल्या.

११ मे, सोमवार. सकाळी.

ही शर्टाची बटणं लावत होती तेव्हा विचारलं, माझा चेहरा हलतो का गं? ही म्हणाली, नाही. कधीपासून? म्हणाली, दीड वर्ष झालं असेल. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, जन्म आरशासमोर गेला तुमचा. मी आवाजावरून ओळखायची. आता आवाजही बसलाय, तेव्हा अंदाजाने चालवते.

दीड वर्षं ही रोज बटणं लावते, नाडी बांधते, ताटातलं बारीक करून देते, पडू नये म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहते. आणि रोज मी तिच्याकडे बघून हसतो. तोंडाने कशाला सांगायचं, हसलं की बायकोला पोचतं, असा माझा समज. म्हणजे एकदाही पोचलेलं नाही.

म्हणून आज तोंडाने म्हणालो. घसा खाकरला, होता नव्हता तेवढा आवाज काढला आणि म्हणालो, तू माझं फार करतेस गं. तू आहेस म्हणून मी आहे.

हिचा हात शेवटच्या बटणावर थांबला. घाबरून माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, काय होतंय तुम्हाला? सकाळची गोळी घेतलीत ना?

घेतली होती.